संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि विरोधक

प्रत्येक तालुक्यात असा एक माणूस असतोच. वय सत्तरीच्या पुढे, खांद्याला शबनम, शबनममध्ये कुणीही न मागितलेल्या कागदांची चळत आणि डोळ्यांत मराठी प्रकाशन व्यवसायाबद्दलचा जुना, नीट जपलेला संताप. महाड तालुक्याच्या वाट्याला आलेला हा माणूस बिरवाडीत राहतो. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. बाजारपेठ त्यांना 'संपादक' म्हणते.

बिरवाडी हे काळ नदीच्या काठचं गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि तिच्या केमिकल कंपन्या, दुसऱ्या अंगाला वरंध घाटाकडे जाणारा रस्ता. बाजारात काय हवं ते मिळतं. फक्त दुकानात पुस्तक मागितलं की समोरचा विचारतो, "कितवीचं?" मराठीचे बडे प्रकाशक मुंबईला नाहीतर पुण्याला. पुण्याचा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. त्यामुळे ज्या शत्रूशी संपादकांचं अर्धशतकभर युद्ध चालू आहे, तो शत्रू बिरवाडीत कधी फिरकलेला नाही आणि आपल्यावर कुणी युद्ध पुकारलं आहे याची त्याला खबरही नाही.

गावातला साहित्याचा मुख्य प्रवाह म्हणाल, तर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. तिथेही संपादक विरोधात असतात. प्रेसवाला त्यांच्याकडे पत्रिकांची प्रुफं तपासायला देतो, कारण ते फुकट तपासतात. एकदा त्यांनी एका पत्रिकेतली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ, खालच्या चिमुकल्यांच्या नावांसकट, प्रस्थापित भावुकता म्हणून काढून टाकली. पाचशे पत्रिका तशाच छापून झाल्या. दुसऱ्या दिवशी मुलाकडचे चौघे जण प्रेसमध्ये आले. संपादकांनी त्यांना अभिरुचीवर अर्धा तास ऐकवलं. शेवटी त्या चिमुकल्यांची नावं पाचशे पत्रिकांवर शाईच्या पेनाने संपादकांनाच लिहावी लागली. अक्षर सुंदर आहे त्यांचं. लोकांनी लग्नात त्याचीच तारीफ केली.

हा संताप आला कुठून? मुंबईहून. पोलादपूर-महाडकडची माणसं जशी मुंबईला जातात, तसे तेही मॅट्रिक होऊन गेले, गाववाल्यांच्या खोलीत राहिले आणि चार ठिकाणी चिकटले. तो काळ लघुअनियतकालिकांचा होता. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं होतं, सायक्लोस्टाइलवर. पुढे अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. १९६३ साली त्यांनीच मराठी साहित्यावर क्ष-किरण टाकणारा लेख लिहिला आणि भल्याभल्यांच्या बरगड्या दिसल्या. मग 'येरू', 'वाचा', 'फक्त', 'विद्रोह' अशी एकेक नावं. कुणाचे चार अंक, कुणाचे दोन. संपादक नाही, वर्गणी नाही, मानधन नाही, दिवाळी अंकाच्या जाहिराती नाहीत. ज्याला लिहायचं त्याने स्टेन्सिल कापायचं, रूळ फिरवायचा आणि अंक हातोहात वाटायचा. रशियात त्याच सुमाराला बंदी असलेली पुस्तकं कार्बन घालून टाइप करून फिरवत होते. "आमच्याकडे सरकारची बंदी नव्हती," संपादक म्हणतात, "पण संपादकांची होती. ती जास्त वाईट. सरकार निदान वाचतं तरी."

आपल्या संपादकांनीही तेव्हा एका नामांकित मासिकाकडे कथा पाठवली होती. ती साभार परत आली. सोबतची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे. घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी ती चिठ्ठी येते.

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी गिरगावात 'सत्यकथा' मासिकाची होळी केली. हे प्रकरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. संपादकांचं त्यातलं स्थान मात्र अजून पक्कं व्हायचं आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बसच्या घोळामुळे उशिरा पोचले होते आणि राख गार झाली होती. पुढे कधीतरी ऐकलं तेव्हा राख गरम होती. मग एका वर्षी त्यांनी ज्वाळा पाहिल्या. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो, तेव्हा काडेपेटी त्यांचीच निघाली. अजून दोनेक दिवाळ्या धीर धरला, तर कल्पनाही त्यांचीच होती असं कळेल.

या कथेला बिरवाडीत एकच श्रोता असा आहे जो मान डोलवत नाही. एसटीतून निवृत्त झालेले त्यांचे जुने मित्र. आंबेडकरी घरातले, आजोबा १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला गेलेले. एकदा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर होळीची कथा ज्वाळांपर्यंत आली, तेव्हा ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "संपादक, जाळपोळीचं महाडच्या माणसाला सांगू नका. २५ डिसेंबर १९२७ ला इथे मनुस्मृती जाळली. त्या पुस्तकापायी माणसांचं पाणी बंद होतं. तुमच्या मासिकापायी कुणाचं पाणी बंद होतं?"

संपादक गप्प झाले. हे क्वचित घडतं. मग म्हणाले, "ढाले तिथे थांबले नाहीत ना पण."

"तेच म्हणतोय मी," मित्र म्हणाले. "ते पुढे गेले. १९७२ ला दलित पँथर काढली. तुम्ही अजून गिरगावातच आहात."

चहाचे पैसे त्या दिवशी संपादकांनी दिले. तेही क्वचितच घडतं.

मुंबईत त्यांचं फार दिवस निभलं नाही. महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली तसे ते गावी परतले आणि एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. चळवळ सोबत आणली. तेव्हापासून त्यांचं अनियतकालिक निघतं आहे. त्याचं नाव मी सांगू शकत नाही, कारण दर अंकाला ते बदलतं. "एकाच नावाचे दोन अंक निघाले की झालो आपण प्रस्थापित," हा त्यांचा सिद्धांत. परिणाम असा की त्यांचा प्रत्येक अंक पहिलाच असतो. ग्रंथालयाच्या नोंदवहीत तो कुठे लावायचा हे कुणाला कळत नाही. पोस्टात मासिकाची सवलत घ्यायला गेले, तेव्हा कारकुनाने नोंदणीचं नाव विचारलं. संपादक म्हणाले, "या वेळचं सांगू की पुढच्या वेळचं?" सवलत मिळाली नाही. ही गोष्ट ते शासनाने केलेली गळचेपी म्हणून सांगतात.

त्यांचा एक जुना अंक माझ्याकडे आहे. फुलस्केप कागद मधोमध दुमडलेला, दोन टाचण्या, त्यातली एक गंजलेली. छपाई सायक्लोस्टाइलची. टाइपरायटरची रिबन काढून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, चुकलं की त्यावर लाल द्रव लावून, फुंकर मारून, पुन्हा ठोकायचं. जोरात ठोकलं की बंद पोटाच्या अक्षरांचं पोट गळून पडतं. संपादक तर रागानेच टाइप करतात. त्यामुळे त्यांच्या अंकातल्या प्रत्येक 'ठ' आणि 'व'च्या पोटात शाईचा गोळा आहे. 'मराठी' हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे शेवटच्या अक्षरात काळा ठिपका. मलपृष्ठावर 'किंमत : वाचणे' एवढंच.

पण खरी गंमत कागदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. कंपनीचे रद्द झालेले फॉर्म त्यांनी वापरले होते. त्यामुळे पान उलटलं की कवितेच्या पाठीमागे 'माल पोचल्याची पावती', ड्रमची संख्या, ट्रक नंबर, आणि खाली 'माल सुस्थितीत मिळाला' व सही. पुढे एक संशोधक विद्यार्थी प्रबंधासाठी जुनी अनियतकालिकं शोधत आला. त्याने हा अंक पाहिला आणि थरारला. उद्योगव्यवस्थेची भाषा आणि कवितेची भाषा एकाच पानाच्या दोन बाजूंना ठेवण्याचा हा प्रयोग कसा सुचला, असं त्याने विचारलं. संपादकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जगण्यातून." मागून वहिनी, म्हणजे संपादकांच्या पत्नी, म्हणाल्या, "कागद महाग झाला होता."

वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. स्टोअरकीपरच्या पगारात घर चालत होतं आणि शिक्षिकेच्या पगारात चळवळ. प्रस्थापित व्यवस्थेविरुद्धचा हा लढा असा कित्येक वर्षं शासनाच्या वेतनश्रेणीवर चालला. अंकाच्या त्या पहिल्या वाचक. प्रत आली की लाल पेन घेऊन बसतात. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात, समासात 'अर्थ लागत नाही' असं लिहितात आणि खाली दहापैकी गुण देतात. संपादक म्हणतात, "नियम मोडण्यासाठीच तर आम्ही लिहितो." वहिनी म्हणतात, "मोडा की. आधी यायला हवेत." आजवर सर्वांत जास्त साडेसहा गुण मिळाले आहेत. तो अंक त्यांनी कपाटात वेगळा ठेवला आहे.

चळवळीतल्या माणसाला खटल्याचं आकर्षण असतं. बंगालात हंगरी पिढीच्या कवींना १९६४ साली अटक झाली. आपल्याकडे वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत पुन्हा छापली गेली, त्यावर खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात जाऊन २०१५ साली निकाल लागला. संपादकांवर आजवर एकच नोटीस आली आहे, घरपट्टी थकल्याची. एकदा त्यांनी मनाचा हिय्या करून आपला सर्वांत स्फोटक अंक स्वतः पोलिसांकडे नेऊन दिला. ड्युटीवरच्या हवालदारांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध."

"म्हणजे तुम्ही तक्रारदार का आरोपी?"

"दोन्ही."

हवालदारांनी बराच विचार केला. मग अंक परत करत म्हणाले, "काका, यातली ती आईवरची कविता चांगली आहे. बाकी मिटवून टाका घरातल्या घरात."

संपादक त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या अंकात आईवर काहीही नव्हतं.

आपल्या परंपरेचं मूळ ते बिरवाडीहून जवळच शोधतात. शिवथरघळ याच तालुक्यात. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतला, अशी परंपरा आहे. पाहुणा आला की संपादक त्याला घळीत नेतात आणि धबधब्याच्या आवाजावर आवाज चढवून उलटतपासणी घेतात. प्रकाशक होता का? प्रस्तावना कुणाची घेतली? प्रकाशन समारंभाला अध्यक्ष कोण होते? पुण्यात परीक्षण आलं? पाहुणा प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणतो. "आणि तरी घरोघर पोचला की नाही?" पाहुणा "हो" म्हणतो. संपादक समाधानाने खाली उतरतात. दासबोधाच्या प्रती पुढे कित्येक प्रकाशकांनी छापल्या आणि त्यांच्या घरातलीही छापीलच आहे, हे कुणी काढत नाही. पाहुण्याला जेवायचं असतं.

पुढे त्यांना सर्वांत मोठा धक्का जुन्या सोबत्यांनी दिला. भालचंद्र नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ जाहीर झालं. सतीश काळसेकरांना २०१३ चं साहित्य अकादमी मिळालं. ते तर आपल्याच जिल्ह्यात पेणला राहत, त्यामुळे घाव जवळून बसला. अरुण कोलटकरांनी मोठ्या प्रकाशकांच्या वाटेला न जाता शहाण्यांच्या 'प्रास'कडे कविता दिल्या. २००३ साली 'भिजकी वही' आली, पुढच्या वर्षी कोलटकर गेले, आणि २००५ चं अकादमीचं बक्षीस त्याच वहीला आलं. "बघा," मी म्हटलं, "छोट्या प्रकाशनाला मोठं बक्षीस मिळालं. तुम्ही जिंकलात." संपादकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बक्षीस मिळणं म्हणजे पकडलं जाणं," ते म्हणाले. आणि ज्या 'सत्यकथे'ची होळी केली, ती १९८२ साली बंदच पडली. ही बातमी आली त्या दिवशी संपादक फार उदास होते, असं वहिनी सांगतात. शिव्या कुणाला द्यायच्या?

मग तो प्रसंग घडला. पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. अनियतकालिकांतल्या विस्मृतीत गेलेल्या लेखकांची मालिका काढतो आहोत, तुमचे निवडक लेखन द्यावे, मानधन देऊ. संपादकांनी ते पत्र लपवायचा निश्चय केला आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेला ते ठाऊक झालं. त्यांची झोप उडाली. नकार द्यायचा हे नक्की होतं, पण नकाराचा मसुदा जमेना. शेवटी अटी कळवल्या. पुस्तकावर किंमत नको. लेखकाचं नाव नको. ब्लर्ब नको, अर्पणपत्रिका नको, आयएसबीएन क्रमांक नको. पुस्तक दुकानात ठेवायचं नाही. आणि प्रकाशकाचं नाव छापायचंच असेल, तर त्यापुढे 'निषेधार्ह' असं कंसात.

उत्तर आलं नाही. पहिला महिना ते विजयी मुद्रेने हिंडले. दुसऱ्या महिन्यात पोस्टमनला "काही आहे का?" असं रस्त्यात विचारू लागले. तिसऱ्या महिन्यात मला म्हणाले, "ती नावाची अट जरा सैल करता आली असती." त्यावर मी काही बोललो नाही. वहिनींनी मात्र चहा देता देता सांगून टाकलं की पत्र टाकलं त्याच दिवशी आपणच 'निषेधार्ह' खोडून मगच पाकीट चिकटवलं होतं. प्रकाशक तरीही गप्प बसला. म्हणजे त्याला बाकीच्याच अटी जड झाल्या.

एवढं ऐकून तुम्हाला हा माणूस निव्वळ विदूषक वाटेल, म्हणून आणखी एक सांगतो. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं. पाणी उतरलं तेव्हा घराघरात मांडी-मांडी चिखल होता. संपादक फावडं घेऊन रोज बिरवाडीहून महाडला जात होते, त्या वयात. ओळखीच्या-बिनओळखीच्यांच्या घरातला गाळ उपसत होते. त्यांच्या सगळ्या जुन्या अंकांचा एक गठ्ठा महाडच्या पेठेत एका मित्राकडे ठेवलेला होता, बिरवाडीच्या घरी वाळवी लागते म्हणून. तो गेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीनंतर कधीतरी माझ्यासमोर विषय निघाला, तेव्हा एवढंच म्हणाले, "लोकांचे संसार गेले हो. आपले अंक म्हणजे काय, पुन्हा पहिला अंक काढू." त्यांच्या सिद्धांताप्रमाणे तो तसाही पहिलाच असणार होता.

आता त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा आहे. बिरवाडीतली कॉलेजची पोरं कविता लिहितात आणि मोबाइलवर टाकतात. त्यातला एक जण संपादकांचा चाहता. तो म्हणाला, "काका, अंक कशाला काढता? इन्स्टाला टाका."

"तिथला संपादक कोण?"

"कुणी नसतो."

"मग निवडतं कोण?"

"कुणीच नाही. आपण टाकायचं, लोक बघतात."

"मानधन?"

"नाही."

"परत येत नाही? साभार?"

"परत कसं येणार, काका?"

संपादक सुन्न झाले. ज्यासाठी आयुष्यभर भांडलो ते सगळं या पोराच्या खिशात आहे, आणि त्यात भांडायला माणूसच नाही. त्यांनी त्या मुलाची कविता मोबाइलवर वाचली. एकदा, दोनदा, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग शबनममधून कागद काढून ती उतरवून घेतली, दोन ओळी खोडल्या, शेवट वर आणला आणि म्हणाले, "आता बघ." मुलगा बघत राहिला. कविता सुधारली होती. आपण आत्ता नेमकं काय केलं हे संपादकांच्याही लक्षात आलं असावं, कारण कान लाल करून ते म्हणाले, "हे संपादन नव्हे बरं का. सूचना."

माझं मत विचाराल, तर मराठी प्रकाशन व्यवसायाला संपादकांच्या विरोधाने तसूभर फरक पडलेला नाही. पण बिरवाडी-पोलादपूरच्या पट्ट्यात कुणी चार ओळी लिहिल्या, तर त्या शेवटपर्यंत वाचून, वाद घालून, आपल्या खर्चाने छापून वीस-पंचवीस माणसांच्या हातात नेऊन ठेवणारा माणूस हा एकच आहे. एवढं काम अनेक मोठ्या प्रकाशनांकडून होत नाही.

तेव्हा तुमच्याकडे कविता असेल, तर बिरवाडीला त्यांच्याकडे जरूर पाठवा. पसंत नसली तरी ते परत पाठवणार नाहीत. साभार परत करणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. पुढचा अंक कधी निघणार एवढं मात्र विचारू नका. आणि पाकिटाला तिकिटं पुरेशी लावा. कमी पडली तर दंड वहिनींना भरावा लागतो, आणि मग गुण कापले जातात.